गोवा विद्यापीठाजवळ खोली शोधताना: पठार, पाऊस आणि सीझन

जून लागला की माझा फोन वाजायला लागतो. सावंतवाडी, कुडाळ, दोडामार्ग, कधी चंदगड. "ताई, ॲडमिशन झाली. विद्यापीठाच्या बाजूलाच एखादी खोली बघ ना." एम.ए. मराठीसाठी सावंतवाडीहून इथे आले तेव्हा मीही कुणाला तरी हेच ऐकवलं होतं. पुढे तीन खोल्या झाल्या. पहिलीतून मला काढलं, दुसरी मी सोडली, तिसरीत शिक्षण संपून नोकरी लागेपर्यंत राहिले. खाली जे लिहितेय ते त्या तीन खोल्यांनी शिकवलेलं आहे, आणि नंतर दहा-बारा पोरापोरींसाठी पायपीट करताना कळलेलं.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. पुण्या-कोल्हापुरात कॉलेजच्या आसपासचे घरमालक विद्यार्थ्यांवर जगतात. गोव्यात तुमची चुरस दुसऱ्या विद्यार्थ्याशी कमी आणि पर्यटकाशी जास्त आहे. समजा तुम्ही फ्लॅटचे महिन्याला दहा हजार देताय. तोच फ्लॅट डिसेंबरात रात्रीला दोन हजारांनी गेला तर पाच रात्रींत मालकाचा महिना वसूल. हे गणित त्याला येतं, तुम्हालाही यायला हवं. जूनमध्ये मोकळे पडलेले फ्लॅट स्वस्तात मिळतात आणि आपल्याला वाटतं नशीब उघडलं. तसं काही नसतं. पावसात पर्यटक नसतात एवढाच त्याचा अर्थ.

माझी पहिली खोली करंजाळ्याला होती. तिघी मिळून घेतलेला फ्लॅट, किनारा चालत दहा मिनिटांवर, भाडं आवाक्यातलं. कागद केला नव्हता. "तुम्ही घरच्याच मुली" असं म्हटल्यावर कागद मागायची लाज वाटली. नोव्हेंबर संपता संपता मालकांचा फोन आला: भाचा परदेशातून येतोय, पंधरा दिवसांत जागा रिकामी करा. सेमिस्टरच्या परीक्षा तोंडावर. आम्ही निघालो. नाताळच्या आठवड्यात मैत्रिणीने मोबाइलवर एक जाहिरात दाखवली. आमचाच हॉल, आमचेच पडदे, खाली एका रात्रीचा दर. भाचा काही दिसला नाही. डिपॉझिटातून रंगाचे पैसे कापले ते वेगळेच.

आधी पठार समजून घ्या

गोवा विद्यापीठ १९८५ साली सुरू झालं आणि त्याचं आवार ताळगाव पठारावर आहे. पणजीपासून साधारण सात किलोमीटर. पठार म्हणजे पठारच: जांभा दगड, वारा, मोकळं रान, शेजारी २०१४ च्या लुसोफोनिया स्पर्धांसाठी बांधलेलं इनडोअर स्टेडियम. विद्यापीठाच्या फाटकाबाहेर पुण्यासारखी खाणावळींची आणि पीजींची (पैसे देऊन राहायच्या खोल्यांची) रांग नाही. "बाजूलाच" असं काही नसतं. माणसं राहतात ती पठाराच्या पायथ्याला, चारी बाजूंनी.

म्हणून नकाशावरचं अंतर फसवतं. ताळगाव गाव नकाशावर खेटून दिसतं, पण मध्ये चढ आहे. जुलैत समोरून वारा, तिरका पाऊस आणि पाठीवर लॅपटॉप घेऊन तो एकदा चढून बघा. तिथे छत्रीचा उपयोग नाही, रेनकोटच लागतो. उलट सांताक्रूझ नकाशावर लांब, पण थांब्यावर उभं राहिलं की बस मिळते. अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका. दारातून निघून वर्गात पोचायला किती मिनिटं लागतात आणि संध्याकाळी साडेसातला ग्रंथालयातून निघाल्यावर घरी कशाने येणार, हे मोजा. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. गोव्यात रात्री आठनंतर बसगाड्या विरळ होत जातात. ॲपवरून टॅक्सी बोलवू, या पुण्या-मुंबईच्या भरवशावर तर अजिबात राहू नका.

वसतिगृहाचा अर्ज

विद्यापीठाच्या आवारात मुलांची आणि मुलींची वेगळी वसतिगृहं आहेत. प्रवेश नक्की झाल्या दिवशीच अर्ज टाका. जागा सगळ्यांना पुरत नाहीत. तरीही यादी लागेपर्यंत बाहेरची खोली पक्की करू नका, आणि यादीच्या भरवशावर बाहेर शोधणं थांबवूही नका. दोन्ही हात चालू ठेवा. वसतिगृह मिळालं तर डोळे मिटून घ्या. जेवण कसं, वॉर्डन कशी असल्या चौकशा नंतर. मुलींसाठी पणजी आणि आसपास नन्स चालवतात अशीही वसतिगृहं आहेत. तिथे फाटक लवकर बंद होतं, पण सुरक्षित असतात आणि डिसेंबरात कुणी बाहेर काढत नाही. माझी एक वर्गमैत्रीण दोन वर्षं अशा ठिकाणी राहिली. पहिला महिना कुरकुरली, नंतर आमच्या खोल्यांच्या कहाण्या ऐकून गप्प बसली.

कोणत्या बाजूला उतरायचं

दोनापावल आणि करंजाळे: सुंदर. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था तिथेच आहे, त्यामुळे संशोधक पोरं तिकडे राहतात. पण समुद्र जितका जवळ तितका सीझनचा धोका मोठा. पक्का लेखी करार असेल आणि खिसा जड असेल तरच.

बांबोळी: गोवा मेडिकल कॉलेज, डेंटल कॉलेज, त्यांची मुलं, परिचारिका आणि रुग्णांचे नातेवाईक. इथे पीजी भरपूर, खाणावळी उशिरापर्यंत उघड्या, हायवेवर बस सतत. माझी दुसरी खोली फुलांच्या खुरसापासून, म्हणजे तिथल्या क्रूसाच्या देवस्थानापासून, जवळच होती. सोय चांगली होती, पण खोलीत चौघी आणि त्यातल्या दोघी पाळीवर काम करणाऱ्या. मी वाचायला बसायची तेव्हा त्यांची झोपायची वेळ. त्या बिचाऱ्यांची चूक नव्हती. बांबोळीला घेणार असाल तर सोबतचे कोण आहेत आणि त्यांचं वेळापत्रक काय, हे भाड्याच्या आधी विचारा. आणखी एक: तिथल्या काही खोल्या रुग्णांच्या नातेवाइकांना दिवसावर दिल्या जातात. अशा मजल्यावर रोज नवा माणूस दिसतो. मुलींनी हे बघूनच ठरवावं.

ताळगाव गाव: चढ सोडला तर राहायला छान. शेतं, जुनी घरं, बाजार, पणजीही जवळ. स्कूटर असेल तर पहिली पसंती इथेच.

सांताक्रूझ आणि मेरशी: माझं मत विचाराल तर हेच. जुनी वस्ती, घरमालक बहुतेक तिथेच राहणारे, पर्यटकांना इथे काही बघायचं नाही, म्हणून भाडेकरू वर्षभर टिकावा असंच त्यांना वाटतं. पणजीचं कदंब बसस्थानक जवळ, म्हणजे शनिवारी गावी पळायलाही सोपं.

शिरदोन, कुडका, पिलार, गोवा वेल्हा: स्वस्त आणि शांत. वाहन असेल तरच. रायबंदर-जुनं गोवं शोधणाऱ्यांनी ३ डिसेंबरचं फेस्त, म्हणजे चर्चचा उत्सव, लक्षात ठेवावा. त्या आधीच्या दिवसांत यात्रेकरूंनी सगळं भरून जातं आणि खोल्यांचे भाव चढतात.

पर्वरी आणि म्हापशाकडून रोज ये-जा करणारेही आहेत. मांडवीवर २०१९ मध्ये अटल सेतू झाल्यापासून ते पूर्वीइतकं जीवघेणं राहिलेलं नाही, पण दोन बस बदलाव्या लागतात. काका-मामा तिथे राहत असतील आणि फुकट जेवायला घालत असतील तर विचार करा. त्याखेरीज नको.

कधी निघायचं आणि कुणाला विचारायचं

सगळ्यात चांगला काळ म्हणजे मे अखेर. शेवटच्या वर्षाची मुलं खोल्या सोडत असतात, आणि सुटणारी खोली थेट पुढच्या मुलाला मिळाली तर मधला दलाल वाचतो. निकालाची वाट बघत बसू नका. विभागातल्या सीनियर मुलांशी आधीच बोलून ठेवा. प्रवेश जूनअखेर झाला तरी हरकत नाही, फक्त एक करा: पहिल्या दिवशीच वर्षभराची खोली शोधू नका. आठ-दहा दिवस ओळखीच्याकडे किंवा पीजीत दिवसाच्या दराने राहा आणि पायाने शोधा. सोबत आई-वडील आले असतील आणि देवदर्शनही व्हायचं असेल तर मंगेशीकडच्या देवस्थानांच्या अग्रशाळा, म्हणजे भक्तनिवास, आहेत. आमच्याकडची अर्धी माणसं तसंच करतात. अंतर आहे, पण दोन रात्रींपुरतं चालतं.

दलाल बहुतेक एका महिन्याचं भाडं मागतो आणि त्याच्याकडे फ्लॅट असतात. विद्यार्थ्याला लागते खोली. खोल्यांची बातमी गोव्यात वेगळ्या माणसांकडे असते: पसरकार म्हणजे किराणा दुकानदार, चहाचा गाडो चालवणारा, झेरॉक्सवाला, सकाळी सायकलवर भोंगा वाजवत पाव-पोई घेऊन येणारा पोदेर. पोदेराला वाड्यावरचं प्रत्येक घर माहीत असतं. कुणाचा मुलगा दुबईला गेला, कुणाच्या घरात मागची खोली रिकामी पडली. मला तिसरी खोली अशीच मिळाली. रविवारी सकाळी इगर्जीच्या (चर्चच्या) सूचनाफलकावरही कधी चिठ्ठी दिसते.

मराठी सगळ्यांना कळतं, तरी दोन वाक्यं कोंकणीत टाका. "हांगा खंय भाड्यान कूड मेळटली?" एवढं पुरे. आमच्या मालवणी पोरांना तर काही शिकायलाच नको. कूड म्हणजे खोली. एकेकाळी गोव्याहून मुंबईला शिकायला, बोटीवर चढायला गेलेली माणसं धोबीतलावच्या कूडांमध्ये राहायची. गावोगावच्या कूडा होत्या तिथे. आता आम्ही सिंधुदुर्गातून उलट्या दिशेने येऊन कूड शोधतो. कॅथलिक घरातल्या बाईंना आंटी म्हणतात, हिंदू घरात मावशी किंवा काकी, आणि पुरुषांना नावापुढे बाब लावलं की बोलणं सैल होतं.

ऑनलाइन जाहिरातींवरून शोधत असाल तर एकच नियम: खोली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक रुपया पाठवायचा नाही. "दुसरं गिऱ्हाईक आलंय, टोकन टाका" असं म्हणणाऱ्याला म्हणा, त्यालाच द्या. येणं शक्यच नसेल तर व्हिडिओ कॉल लावून नळ सोडायला सांगा, मग खिडकीतून रस्ता आणि कोपऱ्यावरच्या दुकानाची पाटी दाखवायला सांगा. खोटा माणूस इथेच फोन कट करतो.

खोली बघताना

हा भाग नीट वाचा. गोव्यात खोली बघण्याची खरी वेळ म्हणजे तीन दिवस पाऊस लागून राहिल्यानंतरची संध्याकाळ. एप्रिल-मेमध्ये सगळ्याच खोल्या चांगल्या दिसतात.

माझी तिसरी खोली सांताक्रूझला. त्या घराला पुढे बाल्कांव (बसायचा ओटा) होता, मागे फणसाचं झाड आणि मधल्या भिंतीला लागून भाड्याची खोली. आंटीने दार उघडलं तेव्हा मी शहाण्यासारखी पंखा लावून बघितला, दिवा लावून बघितला. ती म्हणाली, "कपाट ओड." मला कळेना. तिने स्वतःच लाकडी कपाट वीतभर पुढे ओढलं आणि मागची भिंत दाखवली. गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत चुन्याला फोड आले होते, त्यावर काळे ठिपके. "पावसांत मात्शी ओल येता, बाय. आदींच सांगून दवरतां." कपाट भिंतीपासून लांब ठेव, खाली विटा घाल, कपड्यांत बुरशी धरणार नाही, असं तिचं पुढचं सांगणं. त्याच सकाळी मी मेरशीला एक खोली पाहिली होती, नुकताच पांढरा ऑइलपेंट मारलेली, चकाचक. ती घेतली माझ्या वर्गातल्या एका मुलाने. ऑगस्टमध्ये त्याच्या भिंतीचा रंग पापुद्र्यांनी सुटला आणि त्याच्या गादीला खालून हिरवं लव आलं.

तर ओल अशी शोधायची: कपाट ओढा, गादी उचला, छताचे कोपरे बघा, न्हाणीघराची भिंत खोलीच्या बाजूने तळहाताने चाचपा. दार बंद करून दोन मिनिटं उभे राहा आणि नाकाने श्वास घ्या. कुबट वास रंगाने झाकत नाही. कौलारू असेल तर छताच्या पत्र्या-फळ्यांवर तांबूस डाग आहेत का ते बघा, गळती तिथेच असते. ताजा रंग दिसला तर संशय घ्या. आणि ओल आहे म्हणून लगेच नाही म्हणू नका, इथे पूर्ण कोरडी खोली क्वचित मिळते. किती आहे, कुठे आहे आणि मालक ती कबूल करतो का, हे बघायचं.

पाण्याचं विचारा, नुसतं "पाणी आहे ना?" असं नको. नळाचं पाणी किती वाजता येतं, टाकी किती लिटरची, किती माणसांत, विहीर आहे का? तिसवाडीला, म्हणजे पणजीच्या तालुक्याला, ओपाच्या पाणीपुरवठा प्रकल्पावरून पाणी येतं. ऑगस्ट २०१९ मध्ये कुर्टी-खांडेपारला मुख्य जलवाहिनी फुटली तेव्हा इथले नळ बरेच दिवस कोरडे होते. तेव्हा ज्या घरांना विहीर होती त्या घरांतच लोक बादल्या घेऊन जायचे. विहीर असलेल्या जुन्या घराला माझे जास्तीचे गुण.

मोबाइल खोलीच्या आत, दार लावून वापरून बघा. जुन्या घरांच्या जांभ्याच्या भिंती हातभर जाड, बाहेर चार दांड्या आणि आत काहीच नाही असं होतं. पठाराखालच्या बाजूला तर हमखास. एक फोन लावा, एक व्हिडिओ चालवून बघा. पावसात माडाची झावळ तारेवर पडली की वीज जाते, तेव्हा इन्व्हर्टर आहे का हेही विचारा. नसेल तर एक चांगला चार्जिंगचा दिवा घ्या, त्यासाठी खोली सोडू नका.

खिडक्यांना जाळी हवी, डासांसाठी. दाराखाली फट नको. पठाराच्या कडेच्या घरांत पावसात साप येतात, यात अतिशयोक्ती नाही. स्वयंपाकाला परवानगी आहे का हे मोघम विचारू नका. कॉफी-मॅगीला परवानगी असते, मासे तळायला नसते. गोव्यात बहुतेक घरांना माशाच्या वासाचं वावडं नाही, पण शाकाहारी घरमालकही आहेत. आधी कळलेलं बरं.

शेवटी दोन मिनिटं शेजाऱ्याशी बोला. मालक समोर नसताना एकच प्रश्न: "आधीचा भाडेकरू का गेला?"

पैशांचा हिशेब

भाड्याचा आकडा एकटा काही सांगत नाही. समजा एक खोली सहा हजारांची, कुडक्याला. दुसरी आठ हजारांची, बसथांब्याजवळ. पहिलीला स्कूटरशिवाय चालत नाही. महिन्याचं पेट्रोल, पावसात एकदा तरी ब्रेकचं काम, वर्षाचा विमा धरला की वरचे दोन हजार कुठे गेले ते कळत नाही. त्यात विजेचं बिल. मालक उपमीटर लावतो आणि युनिटला स्वतःचा दर लावतो. वीज खात्याचं मागच्या महिन्याचं बिल दाखवायला सांगा आणि त्याच्या आसपासचा दर लिहून घ्या. त्या बिलावरचं नाव कुणाचं आहे हेही बघून घ्या. समोरचा माणूस खरंच मालक आहे की मधलाच कुणी, ते तिथे कळतं. घरपट्टीची पावती दिसली तर आणखी छान.

डिपॉझिट दोन ते तीन महिन्यांचं मागतात. केंद्र सरकारच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही, पण घासाघीस करताना नाव घ्यायला हरकत काय? पीजीवाला जीएसटी लावत असेल तर सांगा की माणशी महिना वीस हजारांपर्यंतचं भाडं आणि सलग नव्वद दिवसांचा मुक्काम असेल तर जुलै २०२४ पासून तो माफ आहे. पैसे यूपीआयने द्या आणि शेरा लिहा: "जुलै भाडं", "डिपॉझिट". रोखीने दिलेल्याची वहीत सही घ्या.

मेच्या सुट्टीचं आधीच ठरवा. खोली बंद ठेवून गावी गेलात तर पूर्ण भाडं, अर्धं की काहीच नाही? यावरून झालेली भांडणं मी सगळ्यात जास्त पाहिली आहेत.

कागद

करार अकरा महिन्यांचा असतो, कारण एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी करावी लागते. बहुतेक ठिकाणी "लीव्ह अँड लायसन्स" या नावाचा छापील नमुना असतो, मुद्रांकावर, नोटरीच्या सहीने. तो नमुना मालकाच्या बाजूचा असतो. तुम्ही त्यात या ओळी घालायला लावा:

करार कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि ती मुदत परीक्षा संपेपर्यंत जाते का. मुदतीआधी जागा सोडायला सांगायची असेल तर किमान एक महिन्याची लेखी सूचना, आणि परीक्षेच्या काळात नाही. डिपॉझिट चावी दिल्यापासून किती दिवसांत परत. रंगाचे पैसे कापणार का, किती. विजेचा दर. पंपाची, गळतीची दुरुस्ती कुणाकडे.

सूचनेची ओळ सगळ्यात महत्त्वाची. तोंडी मात्र वेगळं विचारा, सरळ, हसत: "डिसेंबरात आम्ही इथेच असू ना?" उत्तराआधी मालक जितका वेळ घेईल तेवढं उत्तर तुम्हाला मिळालेलं असतं.

भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणं ही मालकाची जबाबदारी आहे. फॉर्म भरून घेतात, आधार, फोटो, प्रवेशपत्र आणि घरचा नंबर लागतो. मालक टाळाटाळ करत असेल तर तो तुमच्या सोयीसाठी टाळत नाही. त्याला तुम्ही कागदावर नको आहात. तिथून निघा.

वाहन, गॅस, जेवण

स्कूटर महिन्यावर भाड्याने घेणार असाल तर काळी पाटी आणि पिवळे आकडे असलेलीच. शेजाऱ्याची पांढऱ्या पाटीची गाडी महिन्याच्या करारावर चालवू नका. अपघात झाला की विमा हात वर करतो. दोन वर्षं राहणार असाल तर गावाकडची गाडीच आणा, विम्याचे आणि पीयूसीचे कागद डिकीत ठेवा, हेल्मेट घाला. घाई असेल तर पणजीत मोटरसायकल पायलट आहेत, बसण्याआधी भाडं ठरवायचं.

गॅसचं कनेक्शन विद्यार्थ्याच्या नावावर काढायच्या भानगडीत पडू नका. पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. मालकाला मात्र विचारून आणा.

जेवणाचं हळूहळू जमतं. पहिले दोन महिने डबा लावा, एकदम तीन महिन्यांचे पैसे भरू नका. जुलैत आलात तर मासे महाग म्हणून दचकू नका, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. आंटीने त्या जुलैत मला सुक्या बांगड्याची किसमूर खायला घातली होती, अजून जिभेवर आहे. चवथीला (गणेश चतुर्थीला) खाणावळी बंद राहतात. आपण गावीच पळालेले असतो म्हणा.

आत जाताना आणि सोडताना

चावी मिळाल्यावर सामान आत घ्यायच्या आधी फोन काढा. मीटरचा आकडा, प्रत्येक भिंत, नळ, पंखा, फुटलेली फरशी, कपाटाची तुटलेली कडी. फोटो काढून त्याच दिवशी मालकाला पाठवा, "असं मिळालं" एवढ्या ओळीसह. वर्षाने रंगाचे पैसे मागायला लागले की हेच कामाला येतं. करंजाळ्याला माझ्याकडे एकही फोटो नव्हता.

सोडताना महिनाभर आधी लेखी कळवा, मोबाइलवरच्या निरोपानेही चालेल, फक्त तारीख दिसायला हवी. शेवटच्या महिन्याचं भाडं डिपॉझिटात वळतं करा, असं मालकाला परस्पर सांगू नका. त्याने आधी कबूल केलं असेल तर गोष्ट वेगळी. मीटरचा शेवटचा आकडा दोघांनी मिळून बघा. चावी हातात देताना डिपॉझिटची तारीख पुन्हा उच्चारा.

आणि खोली चांगली असेल तर दलालाच्या आधी विभागातल्या ज्युनियरला सांगा, मालकाशी ओळख करून द्या. आंटीच्या खोलीत माझ्यानंतर आता तिसरी मुलगी राहते आहे, दोडामार्गची. मागच्या पावसात तिला भेटायला गेले होते. कपाट भिंतीपासून वीतभर लांब होतं आणि खाली माझ्याच विटा होत्या.